पुन्हा उघडण्यासाठी बांधलेली जिप्सी

रॅलीची गाडी बघायला आलेला माणूस हटकून आधी बॉनेट उघडायला लावतो. जिप्सीच्या बाबतीत त्याची बहुतेक वेळा निराशा होते. आत १२९८ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन असतं आणि कंपनीच्या कागदावर त्याची ताकद ८० अश्वशक्ती. तेवढी ताकद आज भाजी आणायला नेतात त्या हॅचबॅकमध्येही असते. तरीही भारतातल्या रॅलीचा इतिहास मारुती जिप्सीला वगळून लिहिता येणार नाही. हिमाचल-लडाखमधली ‘रेड द हिमालय’, राजस्थानातली ‘डेझर्ट स्टॉर्म’ अशा लांब पल्ल्याच्या स्पर्धांत ती वर्षानुवर्षं धावली आणि राष्ट्रीय रॅली मालिकेतही जिप्सींचा वेगळा गट असायचा.

गाडी तशी जुनी. सुझुकीच्या ‘एसजे ४१०’ या छोट्या जीपवजा गाडीची लांबी वाढवून मारुतीने डिसेंबर १९८५ मध्ये ती बाजारात आणली, तेव्हा इंजिन होतं ९७० सीसीचं. १९९६ मध्ये ते १.३ लिटरचं झालं, २००० च्या सुमारास ‘जिप्सी किंग’मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, आणि २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठीचं उत्पादन थांबलं. एवढ्या वर्षांत सांगाडा मात्र फारसा बदलला नाही. खाली लोखंडी चेसी, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, पुढे-मागे ॲक्सलचं अखंड हौसिंग आणि चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा. रस्त्यावरच्या गाड्यांत ही रचना कधीच मागे पडली. पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रॅलीची गाडी बांधू पाहणाऱ्याला नेमकी हीच हवी असते, कारण हातपान्यांनी ती पूर्ण सुटी होते आणि पुन्हा जुळतेही.

रॅलीचा निकाल या सुटं होण्यावर बराच अवलंबून असतो. सर्किटवर सगळे एकत्र सुटतात. रॅलीत वाहतुकीसाठी बंद केलेल्या कच्च्या किंवा पक्क्या रस्त्यांचे तुकडे असतात, त्यांना स्टेज म्हणतात. प्रत्येक गाडी ठरावीक अंतराने एकटी सुटते आणि तिची वेळ मोजली जाते. एका स्टेजवरून दुसरीकडे जाताना मात्र रस्ता सर्वांचा, सिग्नलही सर्वांचे. मध्ये सर्व्हिस पार्क. आंतरराष्ट्रीय रॅलीत सकाळी १५ मिनिटं, दुपारी ३० ते ४० आणि रात्री ४५ मिनिटं दुरुस्तीला मिळतात. पुढच्या टाइम कंट्रोलवर पोहोचायला उशीर झाला की मिनिटामागे १० सेकंदांचा दंड, आणि १० सेकंदांत रॅली जिंकली किंवा हरली जाते. म्हणजे गाडी मोडणार हे गृहीतच आहे. प्रश्न फक्त किती मिनिटांत उभी राहते याचा. घरी गाडी बांधणाऱ्या माणसाने प्रत्येक बोल्ट कसताना हाच एक हिशेब डोक्यात ठेवावा. हा बोल्ट पावसात, डोक्याला टॉर्च बांधून, तापलेल्या सायलेन्सरशेजारी हात घालून सोडायचा आहे.

कामाची सुरुवात ग्राइंडरने होते असा समज आहे. ती होते नियमांच्या पुस्तिकेने. भारतातल्या मोटरस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय करते आणि कुठल्या गटात कोणता बदल चालतो हे तिच्या तांत्रिक नियमांत लिहिलेलं असतं. ते वर्षागणिक बदलतातही. आधी महागडा शॉकअब घ्यायचा आणि मग आपल्या गटात तो चालत नाही हे कळायचं, असं होण्यापेक्षा दोन रात्री पुस्तिकेवर घालवलेल्या बऱ्या. ज्यांना फक्त चव घ्यायची आहे त्यांच्यासाठी टीएसडी प्रकारच्या रॅली असतात. तिथे ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा असतो, शर्यत नसते आणि घरची आहे तशी गाडी पुरते. त्यासाठी कुणी जिप्सीत पाईपचा पिंजरा बसवायला घेतला तर त्याला प्रेमाने थांबवावं.

मग गाडी उघडायची. सीट, मॅट, मागची बाकं, आवाज दाबायला लावलेलं डांबरी अस्तर, सगळं बाहेर. बॉडी चेसीवरून उचलायला चार धट्टेकट्टे मित्र किंवा छताच्या मजबूत तुळईला टांगलेला चेन ब्लॉक पुरतो. उघड्या चेसीची पहिली परीक्षा ओळंब्याने होते. चेसी घोड्यांवर समपातळीत ठेवायची, पाट्यांच्या पिना जिथे बसतात त्या ठिकाणांवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्णांत काही मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ही गाडी कधीतरी कुठेतरी आपटली आहे. त्यानंतर तिच्यावर केलेला खर्च वाकड्या पायावर चढवलेला मजला ठरतो. जुन्या जिप्सींत पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि बॉडीच्या तळपत्र्यात गंज असतो. तो स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघावा, वरच्या रंगावर विश्वास ठेवू नये.

आता केज. घरच्या वर्कशॉपमध्ये सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि त्या जीव घेणाऱ्या असतात, म्हणून इथे जरा थांबू.

केज म्हणजे गाडी उलटली तरी आतल्या दोघांभोवतीची जागा शाबूत ठेवणारा पाईपचा पिंजरा. जागतिक संघटना एफआयएच्या नियमांतल्या परिशिष्ट ‘जे’च्या कलम २५३ मध्ये त्याचे किमान आकडे दिलेले आहेत. ड्रायव्हरच्या पाठीमागची मुख्य कमान ४५ मिमी व्यासाच्या आणि २.५ मिमी जाडीच्या पाईपची किंवा ५० मिमी व्यासाच्या आणि २ मिमी जाडीच्या. बाकीचे पाईप ३८ मिमी गुणिले २.५ किंवा ४० मिमी गुणिले २. पाईप शिवणीविना थंड ओढलेल्या कार्बन पोलादाचा, प्रति चौरस मिलिमीटर किमान ३५० न्यूटन ताण सोसणारा. बाजारात तो ‘सीडीएस’ म्हणून मागावा लागतो आणि त्याचं टेस्ट सर्टिफिकेटही मागून घ्यावं.

मोह होतो तो हार्डवेअरच्या दुकानातल्या जीआय पाईपचा. पाण्याचा बी-क्लास, सी-क्लास पाईप हाताला जाडजूड लागतो आणि दीड इंचीची जाडी २.५ मिमीपेक्षा जास्तही असते. पण तो पाणी वाहायला बनवलेला असतो. त्याला लांबीभर शिवण असते, धक्का कसा सोसेल याची कुणी हमी दिलेली नसते, आणि वरच्या जस्तामुळे वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. वर त्या जस्ताचा धूर वेल्डरला ताप आणतो तो वेगळाच. जड असूनही कमी भरवशाचा असा हा पाईप फाटकाला शोभतो.

पाईप वाकवायचा तोही थंडच, बेंडिंग मशीनवर, आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट. वाळू भरून गॅसच्या ज्योतीवर तापवून वाकवण्याची जुनी पद्धत ग्रिलच्या कामाला ठीक, पण त्यात बाहेरच्या अंगाची भिंत पातळ होते आणि आतल्या अंगाला सुरकुती पडते. अपघातात पाईप त्या सुरकुतीवरच मोडतो. दोन पाईप जिथे भेटतात तिथे एकाचं तोंड दुसऱ्याच्या गोलाईला चिकटून बसेल असं कोरावं लागतं. फट राहिली तर वेल्डर ती रॉड वितळवून भरून काढतो आणि वरून सगळं सुंदर दिसतं.

माझ्या मते मापं घेणं, कोरणं, जागेवर बसवून टाके मारणं एवढं घरी करावं आणि पूर्ण वेल्डिंग रोज दाबाची भांडी किंवा पाइपलाइन जोडणाऱ्या टिग-मिगच्या कारागिराकडून करून घ्यावं. आपल्याकडे भोसरीपासून सातपूरपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींत असे हात आहेत. गेट-ग्रिलवाल्याचा हात कितीही साफ असो, हे काम त्याचं नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा काढायच्या, इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरचं सॉकेट सोडायचं आणि पेट्रोलची टाकी नुसती रिकामी करून भागवायचं नाही, ती शेडच्या बाहेर न्यायची. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि स्फोट वाफेचाच होतो.

बंद छताच्या गाड्यांत एक गंमत आहे. प्रत्येक सांधा पाईपच्या पूर्ण गोलाईभर जोडायचा असतो, पण छताला टेकलेल्या पाईपच्या वरच्या अंगाला वेल्डिंगची टॉर्च पोहोचत नाही. त्यावर बांधणाऱ्यांनी शोधलेली युक्ती अशी की केजचे पाय जिथे येणार तिथे तळपत्र्याला भोकं पाडायची, अख्खा केज त्या भोकांतून वीत-दीड वीत खाली उतरवायचा, वरचे सांधे जोडायचे, पुन्हा वर उचलायचा आणि मग पायांखाली प्लेटा बसवायच्या. कापडी टपाच्या जिप्सीत हा खटाटोप वाचतो. टप काढला की वर आभाळ, चारही बाजूंनी हात जातो. घरी बांधायला ही गाडी बरी, याचं हे आणखी एक कारण.

जिप्सीत दुसरी अडचण मात्र आहे, ती आधुनिक गाड्यांत नसते. बॉडी आणि चेसी यांच्यामध्ये रबराच्या गाद्या आहेत. केज फक्त बॉडीच्या पातळ पत्र्यावर उभा केला तर मोठ्या धक्क्यात पाय पत्रा फाडून खाली जातील. एक पाय बॉडीवर, एक चेसीवर असं केलं तर दोन्ही वेगवेगळ्या हलत असल्यामुळे वेल्डला तडे जातील. म्हणून एकतर तळपत्र्यातून उतरून सगळे पाय चेसीला भिडवायचे, किंवा बॉडीला जाड प्लेटांचं बळ देऊन गाद्यांच्या जागी कडक बुश घालायचे, म्हणजे दोन्ही मिळून एकच ढाचा होतो. नियमाप्रमाणे प्रत्येक पायाखालची प्लेट किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटीमीटर हवी. बोल्टांनी बसवलेल्या पायाला कमीत कमी तीन एम-८ बोल्ट, डोक्यावर ८.८ हा दर्जा कोरलेले.

सगळं मिळून २५ मीटर पाईप लागला तर ५५ ते ६० किलो वजन वाढतं. गाडी मुळात ९८५ किलोची. हे वजन मागची बाकं आणि अस्तर काढून जवळपास भरून निघतं, आणि बदल्यात जीवरक्षणाशिवाय आणखी काही मिळतं. खड्ड्यात पिळवटणारी गाडी आता पिळवटत नाही. सस्पेन्शन काम करायला लागतं ते इथून पुढे.

सीट, पट्टे आणि हेल्मेटबद्दल एकच सांगतो. त्यांना मुदत असते. एफआयएच्या ८८५५-१९९९ या मानकाच्या सीटची मुदत उत्पादनाच्या वर्षानंतर पाच वर्षांची. जुन्या बाजारात सहा-सात वर्षांपूर्वीची नामांकित सीट निम्म्या भावात मिळते, आणि स्पर्धेआधीच्या तांत्रिक तपासणीला, म्हणजे स्क्रुटिनीला, ती तिथल्या तिथे बाद होते.

पाट्यांची स्प्रिंग हा जिप्सीचा खरा अभ्यासाचा विषय. इथे एकच भाग दोन कामं करतो. वजन पेलतो आणि हौसिंग जागेवर धरूनही ठेवतो. ड्रायव्हरने जोरात ॲक्सिलरेटर दाबला की चाक पुढे फिरतं आणि हौसिंग उलट पीळ खातं. पाटा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळतो, मग झटक्याने सरळ होतो, पुन्हा वळतो. गाडी मागून थाडथाड उडते आणि चाक जमिनीवर असण्यापेक्षा हवेत जास्त राहतं. यावर हौसिंगपासून चेसीपर्यंत एक ताणपट्टी बसवतात, ती पीळ स्वतःकडे घेते. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात. या घर्षणाने थोडा धक्का शोषला जातो खरा, पण बारीक खडीवर पाटे चिकटून बसतात आणि स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. म्हणून थर कमी करायचे, मुख्य पाटा चांगल्या पोलादाचा घ्यायचा, मध्ये घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या घालायच्या. पाट्याची कमान वाढवून देणारे कारागीर ट्रकवाल्यांच्या वस्तीत मिळतात. मात्र त्यांना स्पष्ट सांगावं लागतं की इथे ओझं वाहायचं नाहीये, नाहीतर ते सवयीने एक पाटा जास्तच घालतात.

नवशिक्याची हमखास चूक म्हणजे सगळं कडक करणं. कडक गाडी पार्किंगमध्ये तडफदार वाटते. मुरमाच्या रस्त्यावर ती दगडावरून दगडावर उड्या मारते, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण. कच्च्या रस्त्याला लांब हालचाल लागते, तुलनेने मऊ स्प्रिंग लागते आणि तिला आवरणारा दमदार शॉकअब लागतो. शॉकअब उसळीची ऊर्जा तेलातून उष्णतेत बदलतो. १५-२० किलोमीटरच्या स्टेजमध्ये साधा शॉकअब एवढा तापतो की तेलात फेस होतो, फेसाला दाब धरता येत नाही आणि उरलेली स्टेज गाडी स्प्रिंगवर नाचत जाते. त्यावर उपाय म्हणून रॅलीच्या शॉकअबमध्ये तेलाला नायट्रोजनचा दाब असतो आणि बाजूला वेगळी टाकी असते. केजनंतर पैसे खर्च करायचे तर इथेच. ते परवडत नसेल तर एका चाकाला दोन-दोन साधे शॉकअब लावून उष्णता वाटून टाकायची, ही जुनी तोड अजूनही चालते. उडी मारताना हौसिंग किती खाली लोंबेल यावर पट्ट्याने मर्यादा घालायची, नाहीतर शॉकअबच दोर बनतो आणि तुटतो.

ब्रेकच्या बाबतीत तेलाकडे दुर्लक्ष होतं. डॉट-३ तेल ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट-४ हे २३० ला. पण हे तेल हवेतलं पाणी ओढतं, आणि मग डॉट-४ चा उत्कलनबिंदू १५५ पर्यंत उतरू शकतो. कोकणातल्या पावसाळ्यानंतर तेल न बदलता घाटात उतरणाऱ्याचं पेडल एखाद्या वळणावर फरशीला टेकतं. कच्च्या रस्त्यासाठी ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून काढून आतून नेतात, कारण चाकाने उडवलेला दगड नळी चेपतो. पोटाखाली इंजिन ऑइलचं चेंबर, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसला जाड पत्र्याचं कवच लागतं. त्यात ऑइल सोडायच्या बोल्टापुरतं भोक ठेवलं नाही तर ऑइल बदलायला दर वेळी अख्खं कवच उतरवावं लागतं.

वायरिंग नव्याने करणं कंटाळवाणं वाटतं, म्हणून बहुतेक जण जुन्यालाच ठिगळं लावतात. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे मुख्य कटऑफ स्विच. निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीचं चिन्ह असतं ते त्याच्यासाठी. त्यात एक मेख आहे. नुसती बॅटरी तोडली तरी चालू इंजिनाला अल्टरनेटर वीज पुरवत राहतो आणि इंजिन बंद पडत नाही. म्हणून हा स्विच बॅटरी आणि इग्निशन दोन्ही एकदम तोडणारा हवा. फ्यूजची पेटी ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्या नेव्हिगेटरच्या हाताला येईल अशी बसवावी. पट्टे बांधलेल्या अवस्थेत त्याचा हात कुठवर पोहोचतो ते मोजूनच.

आता बोल्टांकडे येतो. सुझुकीच्या गाड्यांत बरेचसे बोल्ट १०, १२, १४ आणि १७ च्या पान्यांनी सुटतात. घरी केलेल्या प्रत्येक ब्रॅकेटला, कवचाला, ताणपट्टीला याच मापांचे बोल्ट वापरले तर सर्व्हिसमध्ये चार पान्यांवर अख्खी गाडी उघडते. दुकानात होता म्हणून बसवलेला एखादा १३ चा बोल्ट तिथे दोन मिनिटं खातो. नट शक्यतो नायलॉकचे. शक्य तिथे बोल्टाचं डोकं एका बाजूला पक्कं बसवावं, म्हणजे एकाच माणसाला एकाच पान्याने सोडता येतो. कसून झालं की नटापासून पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे. स्पर्धक संघ हे करतातच, पण घरच्या गाडीला त्याचा जास्त उपयोग, कारण तिथे तपासणारे हात कमी असतात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिरून बुश, पिना, स्पेसर लेथवर करून घेताना प्रत्येकाचे दोन-दोन नग करावेत आणि दुसरा नग एकदा बसवून बघावा. न बसवलेला स्पेअर हा स्पेअर नसतो.

इंजिनाला मी शेवटी ठेवलं, आणि त्यावर फार बोलायचंही नाही. पहिल्या वर्षी त्याची ताकद वाढवू नये. हवेचा फिल्टर मोठा आणि घट्ट बसणारा, हवा घेण्याचं तोंड उंचावर, रेडिएटर स्वच्छ, चेंबरमध्ये तेल एका बाजूला पळू नये म्हणून पत्र्याचे आडोसे, आणि वेळच्या वेळी ऑइल. धुळीतले वाळूचे कण फिल्टरच्या फटीतून आत गेले की रिंगा आणि सिलिंडर घासून टाकतात. मग कॅमशाफ्टवर घातलेले पैसे निळ्या धुरातून बाहेर पडतात.

कायद्याचा भाग कडू आहे पण लपवण्यासारखा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ तपशिलापासून वेगळे पडणारे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. विम्याच्या कागदावर शर्यत आणि वेगचाचणी हे वापर बारीक अक्षरांत वगळलेले असतात. त्यामुळे बांधून झालेली जिप्सी रोज ऑफिसला नेण्याची गाडी राहत नाही. ती ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवून स्पर्धेला न्यायची, हा खर्च हिशेबात आधीच धरावा. आयोजक स्पर्धेपुरता काय विमा आणि कुठल्या परवानग्या काढतात, तेही प्रवेशअर्ज भरण्याआधी विचारून घ्यावं.

गाडी उभी राहिली की वजन करायचं. त्यासाठी महागडे काटे लागत नाहीत. एक मजबूत फळी घ्यावी, तिचं एक टोक घरच्या वजनकाट्यावर आणि दुसरं तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवावं आणि ठोकळ्यापासून एक-तृतीयांश अंतरावर चाक टेकवावं. काटा त्या चाकाच्या भाराचा तिसरा हिस्सा दाखवतो, फळीचं निम्मं वजन तेवढं वजा करायचं. बाकीची तीन चाकं तेवढ्याच उंचीवर हवीत, नाहीतर आकडा खोटा. असा चारही कोपऱ्यांचा भार कळला की दुसरी स्टेपनी, जॅक आणि पान्यांची पेटी कुठे बांधायची याचं उत्तर मिळतं. बहुतेकदा ते ‘जितकं पुढे आणि खाली जमेल तितकं’ असंच येतं.

पहिली धाव स्पर्धेत घेऊ नये. एखाद्याच्या शेतातल्या किंवा खाणीच्या खासगी रस्त्यावर, परवानगी काढून, हेल्मेट-पट्ट्यांसह दहा किलोमीटर निम्म्या वेगाने जावं, थांबावं आणि नटांवरच्या सगळ्या रेघा बघाव्यात. नवे पाटे बसतात, यू-बोल्ट सैल होतात, ते पुन्हा कसावेत. मग पन्नास किलोमीटर, पुन्हा तेच. त्यानंतर घड्याळ लावून एक पाटा, एक शॉकअब आणि एक चाकाचं बेअरिंग बदलून बघावं. शेडमध्ये उजेडात पहिल्यांदा बेअरिंगला तासभर लागला तर खचून जाऊ नये. कुठला बोल्ट आडवा आला ते कागदावर लिहावं, त्याची जागा बदलावी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा घड्याळ लावावं.